घाटघरचा फाटा

राहात्यातल्या निम्म्या शाळांचे गणवेश पंकजाच्या मशीनवरून जातात. बाजारतळाच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे, आणि जून महिन्यात तिला धड जेवायलाही सवड मिळत नाही. पण गावात तिची ओळख शिवणकामामुळे नव्हती. ती सायकलवाली पंकजा होती.

अस्तगाव तिचं माहेर. तिथून राहात्याच्या शाळेत ती वडिलांच्या उंच सायकलवर यायची, तेही दांडीखालून पाय घालून. नववीत असताना तालुक्याच्या शर्यतीत मुलींमध्ये पहिली आली होती. पुढे लग्न, सासर, लेकीचं शिक्षण यात सायकल सुटली. लेक पुण्याला शिकायला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा पंकजानं एका संध्याकाळी नवऱ्याला न विचारता गिअरची सायकल घेतली. चाळिशीतली बाई सलवार-कमीज घालून पहाटे कोपरगावच्या रस्त्याला लागते म्हणून गल्लीतल्या बायका पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर त्यांतल्याच दोघी-तिघी तिला विचारू लागल्या, की आम्हांला जमेल का? पंकजाला ते फार आवडायचं. आयुष्यात एक तरी गोष्ट अशी होती, जी आधी तिनं केली आणि मग दुसऱ्यांनी.

जहिरा तिच्याकडे आली ती कुर्ता शिवून घ्यायला. जहिरा आणि तिचा नवरा स्टँडजवळ मेडिकलचं दुकान चालवतात. दिवसभर काउंटरमागे उभं राहून दुसऱ्यांना साखरेच्या गोळ्या देणाऱ्या जहिराला स्वतःलाच साखर निघाली होती, आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं होतं. चालायचं म्हणून सैलसा कुर्ता हवा होता. माप घेताना पंकजा म्हणाली, चालतेस कशाला, सायकल शिक. जहिरानं जन्मात सायकलला हात लावला नव्हता. पंकजानं तिला शाळेच्या मैदानावर शिकवलं. पुढे रस्त्यावर आणलं, तेव्हा जहिराला नगर-मनमाड रस्त्यावरच्या मालट्रकांची धास्ती वाटायची. कित्येक महिने पंकजा तिच्या उजव्या बाजूनं, ट्रकच्या अंगाला, सायकल चालवत राहिली. घसरलेली चेन कशी बसवायची, चढावर श्वास कसा राखायचा, उतारावर ब्रेक कसा थोडा थोडा दाबायचा, सगळं तिनंच शिकवलं.

दोन वर्षांत जहिरा पंकजाच्या पुढे गेली.

हे एका दिवसात झालं नाही. आधी चढावर ती थोडी पुढे राहायची आणि माथ्यावर थांबायची. मग थांबून वर गप्पाही मारायची, म्हणजे तिला दमही लागलेला नसायचा. पंकजाचा गुडघा त्याच सुमारास कुरकुरायला लागला होता. जहिरा एकटी नाशिकला सायकलवर जाऊन आली, तेव्हा पेपरच्या तालुक्याच्या पानावर तिचा हेल्मेटमधला फोटो आला. महिला दिनाला एका शाळेनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं. त्या शाळेचे गणवेश पंकजाच शिवत होती. भाषणात जहिरा म्हणाली, की मला सायकल शिकवली ती पंकजाताईनं, ताई नसती तर मी काउंटरमागेच राहिले असते. सगळ्यांनी मागे वळून पंकजाकडे बघत टाळ्या वाजवल्या. पंकजा हसली. त्या टाळ्या तिच्या अंगाला गोखरूच्या काट्यांसारख्या टोचत राहिल्या. जहिरा तिला विसरली असती, तर तिला निदान रागावता तरी आलं असतं.

घरी तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मैत्रीण चांगली आहे, साधी आहे, आपलं नाव घेते, आणि तिचं चांगलं झालेलं आपल्याला बघवत नाही. असं कोणी बोलतं का? ती गणवेशांच्या बाह्या जोडत बसायची आणि मनात जहिराच्या खोड्या काढायची. तिचं हेल्मेट फार भारी आहे. ती फार मोठ्यानं हसते. ती प्रत्येकाशी बोलते, म्हणजे तिला बोलायला माणूसच लागतो.

भंडारदऱ्याच्या धरणाला सायकलवर वळसा घालायचा, ही कल्पना पंकजाची होती. सप्टेंबर संपत आला होता. त्या दिवसांत अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस ओसरतो, भात निसवलेलं असतं, आणि सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात. पंकजा आधी दोनदा तो रस्ता फिरून आली होती. तिथे तरी रस्ता फक्त आपल्यालाच माहीत आहे, हे तिच्या मनात होतं, पण ते तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं. बरोबर जहिरा आणि बँकेत नोकरी करणारी ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरी वयानं लहान, तब्येतीनं गुबगुबीत, सगळ्यांच्या मागे फोटो काढत येणारी. कारभारीदादांच्या टेम्पोत सायकली टाकून त्या शनिवारी संध्याकाळी शेंडीला मुक्कामाला आल्या. रविवारी उजाडताच त्या निघतील, धरण डाव्या हाताला ठेवून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत पुढे जातील, घाटघरच्या अलीकडच्या फाट्यावर डावीकडे साम्रदला वळतील आणि रतनवाडीला जेवतील, असं ठरलं. खुद्द घाटघरला जायचं नाही, वेळ पुरणार नाही, असं पंकजानंच सांगितलं. जेवणाचं रतनवाडीच्या साळूबाईंना आधी कळवलेलं होतं.

सकाळ फार सुंदर होती. धरणाच्या पाण्यावर वाफेसारखं धुकं तरंगत होतं आणि उजवीकडे कळसूबाईचा माथा ढगात होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, मध्येच एखादा ओढा मोरीवरून वाहत जाणारा. पहिला तास पंकजा पुढे होती आणि सुखात होती. मुरशेतच्या पुढच्या चढावर तिच्या सायकलची चेन निसटली. ती वाकून बघते तोवर जहिरा उतरली, खाली बसली आणि तिनं काळ्या बोटांनी चेन दात्यांवर चढवून दिली. पंकजानं शिकवलं होतं तसंच, पण पंकजापेक्षा झटपट.

"झालं, ताई," ती म्हणाली आणि हात गवताला पुसले.

पंकजानं थँक्यू म्हटलं. ते तिला औषधासारखं कडू लागलं.

पांजऱ्यात त्या चहाला थांबल्या. टपरीवरच्या माणसानं जहिराला कुठून आलात विचारलं, तिलाच बिस्किटं पुढे केली, सायकलचं कौतुकही तिच्यापाशीच केलं. ज्ञानेश्वरीनं फोटो काढला तो जहिराचा, मागे पिवळा उतार घेऊन. मग तिला आठवण झाली आणि म्हणाली, पंकजाकाकू, तुम्हीपण या ना. पंकजा म्हणाली, राहू दे, ऊन डोळ्यांवर येतंय. उडदावण्यापासून चढ लागला तशी जहिरा गुणगुणत पुढे निघून गेली. पंकजा तिच्या पाठीकडे बघत पायडल मारत राहिली. निळा कुर्ता वळणावर दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा वरच्या वळणावर दिसायचा. तो कुर्ता पंकजानंच शिवला होता, आणि पाठीवर एवढा चोख बसवल्याचा तिला आता राग येत होता.

फाटा आला तेव्हा दोघींमध्ये हाकेच्या पल्ल्याचंच अंतर होतं. पावसात तिथली पाटी आडवी झाली होती आणि वेलांनी झाकून गेली होती. साम्रदचा रस्ता डावीकडे निघतो, तो अरुंद. घाटघरचा सरळ जातो, तो रुंद. नवखा माणूस सरळच जाणार. जहिरा फाट्यावर क्षणभर थबकली. तिनं मागे वळून पाहिलं. पंकजाही थांबली होती, एक पाय जमिनीला टेकवून, श्वास घेत. मग जहिरानं तोंड पुन्हा पुढे केलं आणि ती सरळ निघाली.

पंकजानं तोंड उघडलं होतं. हाक अगदी गळ्यापर्यंत आली होती. आणि त्याच वेळी तिला दिसलं, की डावीकडचा रस्ता पूर्ण मोकळा आहे, त्यावर पुढे कोणी नाही.

तिनं तोंड मिटलं आणि सायकल डावीकडे वळवली.

पुढचा अर्धा तास तिला इतकं हलकं वाटलं, की गुडघा दुखायचाही थांबला. साम्रदवरून रतनवाडीकडे उतरताना वारा कानात घुमत होता आणि ती शाळकरी पोरीसारखी सायकल सोडून देत होती. जहिराला थोड्या वेळात कळेल, ती परत फिरेल, फार तर तासाभराचा उशीर, असं तिनं मनाशी मांडून टाकलं. त्यात काय एवढं.

रतनवाडीत साळूबाईंच्या ओसरीवर ती पहिली पोचली. मागून ज्ञानेश्वरी आली, फाट्यावर एका गुराख्याला रस्ता विचारून, धापा टाकत. इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, जहिराकाकू कुठायत?

"देवळाकडं गेली असेल," पंकजा म्हणाली. "माझ्या पुढंच होती."

एकदा बोलल्यावर ते मागे घेता येईना. ज्ञानेश्वरी अमृतेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आली. पुष्करणीपाशीही कोणी नव्हतं. मोबाईलला रेंज नव्हती. साळूबाईंनी नाचणीच्या भाकरी थापायला घेतल्या, पिठलं चुलीवरून उतरवलं. ज्ञानेश्वरीनं आपली कॅरिअरची पिशवी उघडली आणि तिचा चेहरा पडला. जहिराचा डबा आणि खजुराची पुडी त्या पिशवीत होती. चढावर हलकं पडावं म्हणून सकाळी तिनंच जहिराकडून मागून घेतली होती.

जहिरा सकाळी साखरेची गोळी घेते आणि वेळेवर खाल्लं नाही तर तिला कापरं भरतं, हे पंकजाइतकं कोणाला माहीत होतं? पिंपळवाडीच्या रस्त्यावर एकदा तिनंच तिला गुळाचा खडा भरवला होता. डोंगराच्या कडेवरून आता धुकं खाली उतरायला लागलं होतं. घाटघरचा रस्ता पुढे कुठे जातो, तेही तिला माहीत होतं. त्याच्या टोकाला कोकणकडा आहे.

ज्ञानेश्वरीला इथंच थांब सांगून तिनं डबा आणि खजूर गळ्यातल्या पिशवीत टाकले. कुठं जाताय विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिचा रस्ता चुकलाय. तुम्हांला कसं कळलं, असं ज्ञानेश्वरीनं विचारण्याआधीच ती रस्त्याला लागली होती.

जो उतार मघाशी तिनं हसत सोडला होता, तो आता चढून जायचा होता. धुकं इतकं दाट झालं, की पुढचं चाकही अंधूक दिसे. गुडघा प्रत्येक पायडलला चमकत होता. साम्रदच्या वर तिला सायकल ढकलत न्यावी लागली. तिच्या डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. कडेला पडलेली सायकल. ओढ्यात निळा कुर्ता. स्टँडजवळच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला जहिराचा नवरा, आणि त्याला सांगायला गेलेली आपण. तो विचारेल, ताई, तुम्ही बरोबर होतात ना? ती मोठ्यानं हाका मारू लागली. फाट्यावर जी हाक मारली नव्हती ती आता वळणावळणावर मारत होती आणि धुकं ती गिळून टाकत होतं.

घाटघरात शिरताना तिला एका घराच्या भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. आणि आतून हसण्याचा आवाज आला. मोठ्यानं हसणं, ज्याचा तिला एवढा राग होता.

ती दारातच उभी राहिली. आत चुलीपाशी जहिरा पाटावर बसली होती, डोक्याचा स्कार्फ सोडून खांद्यावर टाकलेला, पुढ्यात भाताची थाळी आणि खेकड्याचं कालवण. शेजारी एक म्हातारी, बनुबाई तिचं नाव, तिला वाढत होती. कड्याच्या काठावर जहिराला भोवळ आली होती. शेरडं वळायला गेलेल्या बनुबाईनं तिला खाली बसवलं, हाताला धरून घरी आणलं, आधी गूळ-पाणी दिलं आणि मग जेवायला बसवलं, हे सगळं बनुबाईनंच पंकजाला सांगितलं.

"लई कापत हुती बाय," ती म्हणाली. "म्या म्हनलं, एकलीच कशी आली ही? संगतीला कुनीच न्हाई?"

पंकजा उंबऱ्यावरच बसली. तिला रडू फुटलं. जहिरा जिवंत होती, धडधाकट होती, खेकड्याचं कालवण ओरपत होती. आणि मग जहिरा सांगायला लागली, की ती पोचली तेव्हा कड्यावरचं धुकं एकदम बाजूला झालं आणि खाली सगळं कोकण दिसलं, खोल, हिरवंगार, वर येणारा वारा आणि त्यात उलटं उडणारं पाणी. बनुबाई म्हणाली, असं सहसा होत न्हाई ह्या दिसांत, तुमचं नशीब.

पंकजा दोनदा त्या कड्यावर आली होती. दोन्ही वेळा तिला पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी अजून वाळलंही नव्हतं, आणि तरी तिच्या आत पुन्हा काहीतरी जळायला लागलं, तिथल्या तिथे, त्या उंबऱ्यावर. आपल्याला काय झालंय, असं तिला पहिल्यांदाच भीतीनं वाटलं.

बनुबाईंना नमस्कार करून दोघी निघाल्या. फाट्यापाशी जहिरानं सायकल थांबवली आणि आडव्या पडलेल्या पाटीवरचे वेल हातानं बाजूला केले. पाटीवर साम्रदचं नाव होतं.

"मी इथून मागं वळून बघितलं होतं, ताई," ती म्हणाली. "तू थांबली होतीस. मला वाटलं, रस्ता बरोबर असणार. नाहीतर ताईनं हाक मारली असती."

पंकजाला कितीतरी सबबी सुचल्या. दम लागला होता, लक्ष नव्हतं, मला वाटलं तुला कडा बघायचाय. तिनं त्यांतली एकही वापरली नाही.

"मी मुद्दाम नाही मारली," ती म्हणाली. "तू पुढं नको होतीस मला. एवढंच."

"एवढंच?"

"लई दिवसांपासून आहे ते. तुझं सगळं चांगलं झालं ना, मला नाही सोसलं."

जहिरा सायकलवर बसली आणि साम्रदच्या रस्त्याला लागली. या वेळी ती माथ्यावर थांबली नाही.

रतनवाडीत ज्ञानेश्वरीनं तिला मिठी मारली आणि काय झालं विचारलं. जहिरा म्हणाली, मलाच कडा बघायचा मोह झाला, सांगायचं राहिलं. पंकजानं खाली मान घालून गार झालेली भाकरी मोडली. जहिरानं तिला वाचवलं होतं, आणि तेही तिला आवडलं नाही. परतीच्या टेम्पोत जहिरा पुढे कारभारीदादांशेजारी बसली आणि राहात्यापर्यंत झोपेचं सोंग घेऊन राहिली.

त्यानंतरचे कित्येक रविवार जहिरा आली नाही. ज्ञानेश्वरी विचारायची, पंकजा दुकानातल्या कामाचं कारण सांगायची. पहाटेचा रस्ता आता पूर्ण तिचा होता, पुढे कोणीच नव्हतं, आणि ती साकुरीपर्यंत जाऊन परत फिरायची. पुढे जावंसंच वाटायचं नाही. दोनदा ती मेडिकलसमोरून गेली. काउंटरवर गिऱ्हाईक होतं. तिसऱ्यांदा ती आत शिरली, तेव्हा दुकानात जहिरा एकटीच होती.

पंकजानं गुडघ्याला लावायचं मलम मागितलं. जहिरानं ते काढून समोर ठेवलं.

"माफी मागायला आले होते," पंकजा म्हणाली. "पण खोटं नाही बोलणार. ते गेलेलं नाही अजून. परवा तुझ्या नावाची बातमी पुन्हा दिसली पेपरात, तर मी पान उलटलं."

जहिरा मलमाचं खोकं हातात फिरवत उभी होती. ती म्हणाली, की त्या दिवशी काठावर भोवळ आली तेव्हा तिला दोन पोरं आठवली होती आणि घरी आल्यावर कित्येक रात्री तिला तो काठ स्वप्नात दिसत होता. ती हे सगळं आवाज न चढवता सांगत होती, गिऱ्हाइकाला गोळी कधी घ्यायची हे सांगावं तशी. पंकजानं सगळं ऐकून घेतलं.

"तुला जळायचं तर जळ," शेवटी जहिरा म्हणाली. "मी कुठं अडवणार? पण मला सांगून जळ. म्हणजे मला कळेल, त्या दिवशी तुझ्या भरवशावर वळायचं नाही."

मग एक गिऱ्हाईक आलं आणि पंकजा मलम घेऊन बाहेर पडली.

दिवाळीनंतर जहिरा पुन्हा येऊ लागली. पहिल्यासारखं झालं नाही. ती आता पाण्याची बाटली, डबा, खजूर सगळं स्वतःच्याच पिशवीत ठेवते आणि निघण्याआधी मोबाईलमध्ये रस्ता बघून घेते. पंकजाला ते दिसतं, आणि दर वेळी लागतं.

जानेवारीत त्या पुणतांब्याला निघाल्या होत्या. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, हवेत गुऱ्हाळाचा वास, थंडी बोटांना चावत होती. रेल्वेच्या पुलाच्या चढाला जहिरानं गिअर बदलला आणि पंकजाच्या बरोबरीला आली.

"कसं आहे आज?" तिनं विचारलं.

"आहे," पंकजा म्हणाली. "बऱ्यापैकी आहे."

जहिरानं मान हलवली आणि ती पुढे निघून गेली. पंकजा तिच्या मागे चढत राहिली, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर पुलाच्या पलीकडून वर येताना तिला दिसला, तेव्हा तिनं जोरात ओरडून जहिराला कडेला घ्यायला सांगितलं.